विसावी सुई

गोवर काही तहसीलदाराला विचारून येत नाही, पण गोवर आला की तहसीलदार सगळ्यात आधी बाजार बंद करतो. आंध्रात तालुके मोडून मंडलं झाल्यापासून त्याला एमआरओ म्हणायचं, असं कागदावर ठरलं होतं. म्हातारी माणसं मात्र तहसीलदारच म्हणत, आणि काम तरी कुठं बदललं होतं? हुकूम काढणं तेच.

अठ्ठ्याऐंशी सालचा मार्गशीर्ष. पैनगंगेपलीकडून कापूस वेचायला आलेल्या एका टोळीतल्या लेकराच्या अंगावर पुरळ दिसलं आणि दोन आठवड्यांत सावरगावची अकरा लेकरं तापानं फणफणली. त्यातलं एक गेलं. लगेच दफ्तरात हुकूम तयार झाला: महिनाभर आठवडी बाजार बंद, एका गावच्या मजुरानं दुसऱ्या गावच्या शिवारात पाय ठेवायचा नाही, लग्नं पुढं ढकला. आता सांगा, ऐन वेचणीत, बोंडं फुटून शिवार पांढरंफेक झालेलं असताना, मजुरानं घरी बसून काय चुलीत पाय घालायचे? हुकूम काढणाऱ्याला महिन्याचा पगार मिळतो, त्याला काय कळणार.

निंबाळ्याच्या उपकेंद्राची नर्स भागीरथा हिच्याकडे हुकमाची कच्ची प्रत आली आणि तिला काही सुचेना. निंबाळा, सावरगाव आणि टाकळी ही तीन गावं तिच्याकडे. नवरा आदिलाबादच्या बस डेपोत, आठवड्यातून एकदा येणार. घरात दुसरं कोणी नाही, म्हणून चौदा महिन्यांची तारा सदा तिच्या कमरेवर. पोरगी कमरेवर, औषधांची पिशवी खांद्यावर, अशी ती बाई तीन गावं पायी फिरायची. आजारी घरात ती ताराला नेत नसे. शेजारच्या ओट्यावर कोणाच्या तरी लेकराजवळ बसवायची, आत जाऊन यायची, हात धुवायची, आणि पुढच्या घरी. इतकी जपणारी बाई.

तिला धीर दिला तो वामनरावांनी. हे निंबाळ्याच्या मराठी शाळेत गणित शिकवायचे. मूळचे बोथचे, नागपूरला शिकलेले, आणि गणित म्हटलं की जेवण विसरणारे. ते म्हणाले, "सिस्टर, रोग वाऱ्यावर गावोगाव उडत जात नाही हो, तो ओळखीपाळखीनं जातो. कोणतं लेकरू कोणाजवळ बसतं हे मला सांगा. मी प्रत्येक लेकराचा एक गोल काढतो आणि जी एकमेकांजवळ बसतात त्यांच्या गोलांमधे रेघ ओढतो. सगळ्या रेघा तोडायला गेलो तर गाव उपाशी मरेल. नेमक्या चार तोडल्या तरी रोगाला पुढं जायला वाट उरत नाही."

"आन त्या चार कोनत्या, हे कसं कळंन?"

"तेच तर गणित."

दोघं मिळून एमआरओकडे गेले. साहेबानं वामनरावांनी नेलेला गोल-रेघांचा नमुना उलटासुलटा करून पाह्यला, म्हणाला, "मास्टर, गणित स्कूल में पढ़ाओ." पण माणूस अगदीच दगड नव्हता. हुकमावर सही करायची बाकी होती, ती त्यानं थांबवली. "पंद्रह दिन. टाकळी अभी साफ है, वहाँ एक भी बच्चे को गोवर लगा तो सब बंद."

मग भागीरथा दारोदार फिरली. गेल्या आठ दिवसांत तुझं लेकरू कुठं बसलं, कोणासंगं जेवलं, कोणाच्या कडेवर गेलं? बाया हसायच्या. सिस्टरबाईले उद्योग नाही राह्यला, म्हणायच्या. पण सांगायच्या. ती लिहून आणायची आणि संध्याकाळी वामनराव शाळेच्या भिंतीवर चिकटवलेल्या खाकी कागदावर गोल काढायचे, रेघा ओढायचे. चौथ्या दिवशी कागदावर नुसता गुंता दिसत होता, पण वामनरावांचा चेहरा उजळला होता.

गुंत्याच्या मधोमध देवकाबाई होती. म्हणजे ती बसते त्या झाडाची सावली. वेचणीच्या दिवसांत बाया कापसाच्या तासांत शिरल्या की त्यांची लहान लेकरं धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, कडुनिंबाखाली देवकाबाईच्या हवाली असत. म्हातारी त्यांना खेळवायची, निजवायची, एकाच मडक्यातलं पाणी पाजायची, आणि सांज झाली की प्रत्येक बाई तिच्या पदरात ओंजळभर कापूस टाकायची. तिन्ही गावच्या टोळ्या, तिन्ही गावची लेकरं, आणि झाड एक.

"अहो, बाजार कशाला बंद करता," वामनराव म्हणाले, "बाजारात लेकरं जातात किती? खरा बाजार इथं भरतो."

तेव्हा झाडं तीन करायची ठरली. सावरगावची लेकरं आंब्याखाली, टाकळीची बाभळीखाली, निंबाळ्याची देवकाबाईकडे, आणि मडकं ज्याचं त्याचं. देवकाबाईनं तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. ना कोणाची मजुरी बुडली, ना कोणाचा बाजार.

राह्यली सुई. आदिलाबादहून बर्फाच्या डब्यात गोवराच्या लसीच्या दोन बाटल्या आल्या होत्या. एका बाटलीत दहा लेकरं. म्हणजे वीस, आणि तिन्ही गावांत टोचण्याजोगी लेकरं शंभरावर. पुढची खेप महिन्यानं. वामनरावांनी दोन दिवस कागदासमोर मांडी ठोकून एकोणीस नावं काढली. जी लेकरं दोन घोळक्यांत ये-जा करतात, अशी. दुकानदार मारोतरावाचा नातू, बापाबरोबर तिन्ही गावांत भाजी विकत फिरणारी दोन भावंडं, टाकळीला मामाकडे राहून निंबाळ्याला येणारी पोरगी. या एकोणिसांना टोचलं की गोवराला एका घोळक्यातून दुसऱ्यात जाता येणार नव्हतं. विसावं नाव त्यांनी मोकळं ठेवलं होतं.

"विसावी सुई माही," भागीरथा म्हणाली. "तिचं नाव मी देतो. रुखमी, बयनाबाईची नात."

वामनरावांनी कागदावर बोट फिरवलं. एका कोपऱ्यात एक गोल एकटाच होता, त्याला एकही रेघ नव्हती. "सिस्टर, या पोरीकडे कोणी जातच नाही. गोवर तिच्यापर्यंत पोचणार कसा?"

"मले तुमचं गणित नका सांगू गुरुजी. त्या पोरीचं एक देनं हाये माह्याकडे."

रुखमी साडेचार वर्षांची. दीड वर्षाची असताना तिला ताप आला आणि डावा पाय गेला. त्या साली पोलिओचे थेंब निंबाळ्यात वेळेवर पोचले नव्हते. त्यात भागीरथाचा काडीचा दोष नव्हता, ती तर तेव्हा नुकती नोकरीला लागलेली, पण ही गोष्ट तिला कोणी पटवून देऊ शकलं नव्हतं. पोरीची माय बाळंतपणात गेलेली, बाप पलीकडे यवतमाळकडे. आजी बयनाबाई वेचायला गेली की रुखमी दिवसभर उंबऱ्यात बसून असायची. लंगड्या पोरीला धुऱ्यापर्यंत उचलून कोण नेणार? भागीरथा रोज दुपारी आपली भाकर तिथं जाऊन खायची. आणि तिनं बयनाबाईला शब्द दिला होता, यंदाची सुई रुखमीची.

टोचायच्या दिवशी शाळेच्या ओसरीत एकोणीस आया लेकरं घेऊन बसल्या. बाटली एकदा फोडली की चार तासांत संपवावी लागते, नाही तर फेकायची. भागीरथानं दोन्ही फोडल्या. पण एक बाई हात पुढं करेल तर शपथ. लेकरं पदराखाली झाकून सगळ्या खाली पाहत बसलेल्या. गोवर म्हणजे माय. माय गावात फिरून राह्यली असताना अंगाला सुई लावू नये, असं जुन्या बायांचं मत. एकटी बयनाबाई तेवढी रुखमीला कडेवर घेऊन सगळ्यांच्या पुढं उभी होती, बाही वर सरकवून.

"थांब बयनाबाई," देवकाबाई म्हणाली. मग भागीरथाकडे वळली. "सिस्टरबाई, राग नका मानू. एक इचारू? आमच्या लेकरायले टोचून राह्यल्या तुमी. तुमच्या ताराले टोचलं का?"

भागीरथानं सुई खाली ठेवली.

"याच्या आंधीबी दोनदा हे दवाई आली. तवाबी नाही टोचलं. एवढी चांगली सुई असन, तं आपल्या लेकराले काऊन नाही देल्ली?"

देवकाबाई म्हणत होती ते खरं होतं. दोनदा लस आली होती, आणि दोन्ही वेळा भागीरथानं ताराची पाळी शेवटी ठेवली होती, आणि शेवटपर्यंत लस पुरली नव्हती. का, तर उद्या कोणी म्हणू नये की सिस्टरनं आधी आपलं घर पाह्यलं. तिला वाटलं होतं, गाव हे पाहील आणि मनात म्हणेल, बाई नेक आहे. गावानं पाह्यलं होतंच. पण गावाला त्यात नेकी नाही, भीती दिसली होती. ज्या सुईला नर्स स्वतःच भिते, ती आमच्या लेकराला कशाला?

तिकडे वामनराव भिंतीवरच्या कागदासमोर पुतळ्यासारखे उभे होते. "सिस्टर," ते म्हणाले, "ताराचा गोल कुठं आहे?"

"तिचा कायले पायजे? ते तं माह्यासंगं असते."

"आमी तं सांगतलं होतं," एक बाई मागून म्हणाली. "माह्या पोट्ट्यापाशी तुमची तारा बसते म्हून. तुमी हासल्या न पुढं गेल्या."

"म्याबी सांगतलं होतं."

"आमच्या ओट्यावर तं दोनदा ठेवली होती, त्या तापाच्या घराच्या बाजूले."

वामनरावांनी खडूनं एक गोल काढला. बाया सांगत गेल्या आणि ते रेघा ओढत गेले. मारोतरावाच्या नातवाला, टाकळीच्या चौघांना, सावरगावच्या ओट्यांवरच्या सगळ्यांना. एकोणिसांपैकी कोणाच्याच गोलाला इतक्या रेघा नव्हत्या. तीन झाडं वेगळी केली होती खरी, पण तिन्ही झाडांखालच्या लेकरांना जोडणारी एक पोरगी रोज भागीरथाच्या कमरेवर बसून गावोगाव फिरत होती. भागीरथानं तीन गावं विचारून पालथी घातली होती आणि आपलं घर तेवढं सोडलं होतं.

"आमच्या रुखमीसंगबी खेळते," बयनाबाई हळूच म्हणाली. "रोज दुपारच्याला."

वामनरावांनी ती शेवटची रेघ ओढली. कोपऱ्यातल्या एकट्या गोलाला एकच रेघ आली, आणि ती ताराकडून आली.

आता हिशेब लहान पोरालाही कळला असता. सुया वीस. एकोणीस जणांपैकी एकही काढता येत नव्हता. भागीरथानं वामनरावांकडे पाह्यलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग तिला जरा बाजूला घेऊन म्हणाले, "रुखमीपर्यंत यायला गोवराला ही एकच वाट आहे. ताराला टोचलं की ती बंद. रुखमीला टोचून ताराला तसंच ठेवलं, तर रुखमी वाचेल, बाकी कोणाची मी हमी देत नाही." मग म्हणाले, "पण ताराच्या अंगात लस रुजायला पंधरा दिवस तरी लागतात. तोवर, त्याच्यावर आणखी आठवडा, तुम्ही तिला घेऊन तिकडे जायचं नाही. रुखमीकडे कोणीच जायचं नाही."

भागीरथा बयनाबाईपुढं येऊन उभी राह्यली. असा शब्द मोडणं तिला मरणाहून वाईट वाटत होतं.

"बयनाबाई, हे सुई मले ताराले द्या लागते."

"तुमीच म्हनलं होतं, हे रुखमीची हाये."

"म्हनलं होतं."

"मंग?"

भागीरथानं सांगितलं. जमेल तितकं सोपं करून सांगितलं. बयनाबाई अडाणी होती, पण अर्थ काढायला तिला वेळ लागला नाही.

"म्हंजे माह्या पोरीकडे कोनी येत नाही, म्हून तिले सुई नाही."

 रुखमी आजीच्या कडेवरून एकदा आजीच्या आणि एकदा भागीरथाच्या तोंडाकडे पाहत होती. बयनाबाईनं तिची वर सरकवलेली बाही नीट खाली ओढली आणि तिला घेऊन पायऱ्या उतरून गेली. भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर भागीरथाला बरं वाटलं असतं.

तिनं ताराला मांडीवर घेतलं, सगळ्यांच्या देखत दंड पुसला आणि टोचलं. पोरीनं ओसरी डोक्यावर घेतली. देवकाबाईनं ते नीट पाह्यलं, मग मागं वळून म्हणाली, "आना वो बायांनो, काऊन बसल्या?" तासाभरात दोन्ही बाटल्या रिकाम्या झाल्या.

पुढचे तीन आठवडे भागीरथाच्या जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. ताराला ती आता कोणाच्याच लेकराजवळ बसवत नसे. रोज सकाळी ती टाकळीत जाऊन प्रत्येक कपाळाला हात लावून यायची. दुपारी भाकर उपकेंद्रातच खायची. बयनाबाईचं घर वाटेवरच होतं, म्हणून ती गोठ्यांच्या मागून वळसा घालून जायची. तरी एकदा रुखमीनं तिला पाह्यलंच. "तारेऽ" म्हणून हाक मारली. कमरेवरच्या तारानं तिकडे हात केले, आणि भागीरथा झपझप पुढं निघून गेली. गोठ्याच्या आडोशाला उभी राहून ती रडली. चांगली पदराचा बोळा तोंडात धरून रडली.

गोवर थांबला. सावरगावात आणखी चार लेकरं पडली, निंबाळ्यात दोन, सगळी उठून बसली. टाकळीत एकाच्याही अंगावर पुरळ आलं नाही. बाजार एक दिवस बंद पडला नाही, वेचणी झाली, दोन लग्नं ठरल्या तिथीला लागली. साहेब शाळेत येऊन कागद पाहून गेला, "अच्छा किया" म्हणाला, आणि कागदाची घडी घालून फायलीत लावायला घेऊन गेला. रुखमीला साधी शिंकसुद्धा आली नाही.

वामनराव हरखून गेले होते. "सिस्टर, पाहा, महिनाभर तीन गावं बंद राह्यली असती. त्याऐवजी तीन झाडं, वीस सुया आणि एक तोडलेली रेघ. इतक्या थोडक्यात भागलं."

"थोडक्यात?" भागीरथा एकदम उसळली. "तीन गावचं जे वाचलं, ते सारं त्या एका पोरीनं भोगलं गुरुजी. तिले होतं काय? दुपारच्याला एक बाई न एक लेकरू. तेवढंच आपन काढून घेतलं. आन सुई बी."

वामनराव हाडाचे चांगले होते, त्यांनी वाद घातला नाही. कागद नेल्यावर रिकाम्या झालेल्या भिंतीकडे पाहत म्हणाले, "रेघ किती दुखते, हे त्या कागदावर लिहायची सोय नव्हती. चूक माझी आहे."

"माहीबी हाये," ती म्हणाली.

पौषाच्या अखेरीला नवी खेप आली. या वेळी तीन बाटल्या होत्या. भागीरथानं पाळी आलेल्या लेकरांना शाळेत बसवून ठेवलं आणि बर्फाचा डबा घेऊन, ताराला कमरेवर मारून, ती आधी बयनाबाईकडे गेली. बयनाबाई दारातच होती. 'या' म्हणाली नाही, पण बाजूला झाली.

रुखमी उंबऱ्यात बसलेली. तिनं ताराकडे पाह्यलं, भागीरथाकडे पाह्यलं, आणि काही न विचारता स्वतःच बाही वर केली. सुई टोचली तेव्हा तिनं दात आवळले. रडली नाही. भागीरथानं कापसाचा बोळा दाबून धरला.

"लय दुखलं का व माय?"

रुखमीनं मान हलवली. तिच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. "सिस्टरबाई, ज्यायच्याकडे लय लेकरं येते, त्यायलेच सुई देते न?"

भागीरथानं बोळा काढून पाह्यला, रक्त थांबलं होतं.

"आता मलेबी देल्ली," रुखमी म्हणाली. "मंग आता माह्याकडे येतीन न सारे?"

बयनाबाईनं पटकन तोंड फिरवलं आणि चुलीकडे गेली. भागीरथाला खूप काही सांगता आलं असतं, गोल, रेघा, सगळं. साडेचार वर्षांच्या पोरीला सांगण्यासारखं त्यात एक अक्षर नव्हतं.

"येतीन," ती म्हणाली. "आन नाही आले, तं तू जाशीन. चाल."

तिनं ताराला बयनाबाईच्या हातात दिलं, रुखमीला उचलून कमरेवर घेतलं, आणि बाटली फोडल्याला किती वेळ झाला ते घड्याळात पाहत शाळेच्या वाटेला लागली.